चकमकीच्या बंदुकीची कळ: हातात चालते, लाकडात बसवली की अर्ध्या घोड्यावर थांबत नाही

कानस_सातपूर | ६ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. सातपूरला टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. नातीच्या शाळेत किल्ल्यांवर प्रदर्शन आहे. तिच्या बाईंनी विचारलं, जुनी बंदूक नेमकी उडायची कशी हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल असं काही करता का? बंदूक करायचीच नव्हती. मी म्हटलं, नुसती कळ करून देतो, तीही दुप्पट आकाराची, म्हणजे मागच्या रांगेतल्या पोरालाही दिसेल. नळी नाही, नळीत जाणारं भोक नाही, दारू तर नाहीच. शिसवाच्या ठोकळ्यात बसवलेली कळ, दगड पोलादावर घासतो, ठिणग्या पडतात, एवढंच.

ज्यांना शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी: आपल्याकडे आख्ख्या यंत्रणेलाही चाप म्हणतात आणि बोटाने ओढायच्या भागालाही. घोटाळा नको म्हणून यंत्रणेला मी कळ म्हणतो आणि बोटाच्या भागाला चाप. बाहेरून दिसतो तो घोडा, त्याच्या जबड्यात गारगोटीचा दगड. समोर पोलादाचं उभं पातं, त्याच्याखाली कान, म्हणजे छोटी वाटी, ज्यात रंजक (पेट घ्यायची बारीक दारू) ठेवायचे. पाटीच्या आतल्या बाजूला घोड्याच्याच आसावर बसणारा टंबलर, त्याला दोन खाचा, एक अर्ध्या घोड्याची (घोडा मध्येच सुरक्षित थांबतो ती) आणि एक पूर्ण घोड्याची (उडवायला तयार असतो ती). त्या खाचांत अडकते ती खिटी. मोठी कमान टंबलरला खेचते, छोटी कमान खिटीला खाचेत दाबून धरते. टंबलर आणि खिटी दोन्ही बाजूंनी आधारलेल्या राहाव्यात म्हणून वरून एक लगाम.

पाटी ३२० मिलिमीटर लांब, ८ जाड. टंबलर आणि खिटी ईएन-८ जातीच्या पोलादात, मोठी कमान ट्रकच्या कमानपाट्यातून काढली. बाकावर व्हाइसमध्ये धरून कळ इतकी सुरेख चालते की घरातले सगळे येऊन बघून गेले. अर्धा घोडा खट्, पूर्ण घोडा खट्, आणि मग धाडकन पडतो.

ठोकळ्यात बसवून दोन्ही बोल्ट आवळले की तीन दुखणी सुरू होतात. एक, अर्ध्या घोड्यावर थांबत नाही. दहापैकी सहा वेळा निसटतो. दोन, घोडा पडताना जड पडतो, मध्येच कुणी धरल्यासारखा. तीन, ठिणग्या दोन-चार, त्याही लाल आणि मेलेल्या.

मी काय केलं तेही सांगतो. अर्ध्या घोड्याची खाच उथळ असेल म्हणून कानशीने ०.३ मिलिमीटर खोल केली. काहीच फरक नाही. आणखी ०.२ घेतली. आता बाकावरसुद्धा अर्ध्या घोड्यावर ढिली वाटते. पुढे काय करू?

---

लँकेस्टरकर | ६ जुलै, रात्री ११:५२

काका, आधी कानस खाली ठेवा. कृपा करून त्या खाचेला आता हात लावू नका.

मी मूळचा नाशिकरोडचा, गेली बारा वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. इथे ख्रिसमसनंतर हरणांचा एक हंगाम असतो, त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. त्यामुळे इथे ठासणीच्या रायफलीचं किट आणून घरी बांधणारे पुष्कळ. तीन वर्षांपूर्वी मीही बांधली. अर्धवट कोरलेला अक्रोडाचा दस्ता येतो, नळी येते, कळ तयार येते. बसवायचं काम आपलं. माझंही अगदी हेच झालं होतं. पाकिटातून काढलेली कळ हातात घड्याळासारखी, दस्त्यात बसवली की आजारी.

हातात चालते आणि लाकडात चालत नाही, म्हणजे दुखणं लोखंडात नाही. लाकूड कुठेतरी लोखंडाला हात लावतंय. धातू बदलायचा विचार त्यानंतर.

आता अर्धा घोडाच का निसटतो ते पाहा. खिटी मधल्या खिळ्यावर डोलते. तिचं नाक टंबलरकडे, शेपटीचा दांडा चापाकडे. नाक खाचेत वर शिरलं की दांडा खाली येतो. पूर्ण घोड्याची खाच उथळ, म्हणून तिथे नाक थोडंच शिरतं आणि दांडा वरच राहतो. अर्ध्या घोड्याची खाच खोल, म्हणून तिथे दांडा सगळ्यात खाली येतो. दांड्याखाली लाकूड किंवा चापाचं पातं एका केसाइतकंही वर असेल तर पूर्ण घोडा धरेल, अर्धा निसटेल. तुमचं लक्षण तंतोतंत तेच आहे.

उद्या एवढंच करा. चाप पूर्ण काढून ठेवा. फक्त कळ लाकडात बसवा, बोल्ट आवळा, अर्ध्या घोड्यावर आणून बघा. धरला तर दोष चापात, नाही धरला तर लाकडात. मगच पुढे बोलू.

---

पटाशीवाला | ७ जुलै, सकाळी ७:२०

काका, मी पंचवटीत सुतारकाम करतो. बंदुकीतलं मला काही कळत नाही, लाकडातलं कळतं. दोन गोष्टी विचारतो. खोबणी कधी कोरली? आणि आतून काही लावलंय का?

---

कानस_सातपूर | ७ जुलै, सकाळी ८:०५

खोबणी मे महिन्यात कोरली, अक्षयतृतीयेच्या आसपास. बाहेरून पॉलिश मारलंय. आतून कोरंच आहे.

---

पटाशीवाला | ७ जुलै, सकाळी ८:३१

मग तुमचं अर्धं उत्तर इथेच आहे. मे महिन्यात नाशिकचं लाकूड पापडासारखं कोरडं असतं. तेव्हा तुम्ही टूलरूमच्या सवयीने खोबणी अगदी घट्ट कोरली असणार, कागदही जाऊ नये अशी. आषाढ लागला, हवा ओली झाली, लाकूड फुगलं. बाहेर पॉलिश आहे म्हणून तिथून दम घेत नाही, सगळा ओलावा कोऱ्या खोबणीतून पितं. शिसव सागापेक्षा जास्त हलतो. आमच्याकडे पावसाळ्यात ड्रॉवर अडतात ते याच कारणाने.

जे भाग हलतात त्यांच्याभोवती मोकळी जागा पाहिजेच. पाटीची कड घट्ट बसू द्या, ती दिसते आणि तिथेच कळ धरली जाते. आतलं लाकूड कशालाही टेकता कामा नये. सगळं जमलं की खोबणीत लाखेचे दोन पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात हा त्रास नको.

---

अ‍ॅड_नाशिकरोड | ७ जुलै, सकाळी ११:१५

मधेच येतो, पण गरजेचं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही धरले आहेत. बिनपरवाना बंदूक घडवणं, दुरुस्त करणं गुन्हा आहे, ती ठासणीची असली तरीही. लँकेस्टरकरांकडे कायदा वेगळा आहे. त्यांचं वाचून इथे कुणी किट मागवायला जाऊ नये.

काकांचं काम दुप्पट आकाराचं, नळीशिवाय आणि शिकवण्यासाठी आहे. तरी शाळेत नेण्याआधी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आणि फोटो जोडून पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. कुणाच्याही आजोबांची परवान्याची बंदूक घरात असेल तर तिची कळ या धाग्यावरून उघडू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

---

कानस_सातपूर | ७ जुलै, दुपारी १२:४०

वकीलसाहेब, मनापासून आभार. पत्राचं बाईंशी बोललो, या आठवड्यातच देतो.

---

कानस_सातपूर | ८ जुलै, रात्री १०:०२

लँकेस्टरकर, चाप काढून बघितलं. अर्धा घोडा तरीही निसटतो, दहापैकी चार वेळा. म्हणजे लाकूडही आणि थोडा चापही.

पण लाकूड कुठे टेकतंय ते दिसत नाही. खोबणी खोल आहे, टॉर्च मारला तरी आत सगळं काळपट शिसव. टूलरूममध्ये प्रशियन ब्लू, म्हणजे टेकेल तिथे डाग सोडणारा निळा रंग, लावून बघायचो. घरी ट्यूब होती, ती वाळून खडा झाली आहे.

---

लँकेस्टरकर | ८ जुलै, रात्री ११:३०

इथे जुने बंदूकवाले तेलाच्या दिव्याची काजळी वापरतात. ब्लूपेक्षा पातळ थर बसतो आणि लाकडात मुरत नाही. काळ्या लाकडावर काळं दिसत नसेल तर आधी खोबणीत खडूची पूड बोटाने चोळून घ्या.

---

कानस_सातपूर | ९ जुलै, रात्री ९:४८

आज दिवसभर हेच केलं. सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

सौ. नी निरांजनात तिळाचं तेल घातलं, वात लावली आणि वर पितळेची वाटी उपडी धरली, लहानपणी घरी काजळ धरायचे तशी. दहा मिनिटांत वाटीच्या बुडाला मखमलीसारखा काळा थर जमला. कोरड्या कुंचल्याने ती काजळी खिटीच्या दांड्यावर, मोठ्या कमानीच्या खालच्या पायावर आणि लगामाच्या दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांवर लावली. खोबणीत शाळेच्या पांढऱ्या खडूची पूड चोळली. कळ सरळ आत नेली, बोल्ट हाताने आवळले, घोडा एकदाच चढवला, एकदाच सोडला. मग बोल्ट काढून कळ सरळ बाहेर घेतली, तिरकी केली नाही, नाहीतर काढतानाच नवे डाग पडतात.

पांढऱ्या खोबणीत तीन काळ्या खुणा.

पहिली, दांड्याच्या भोकाच्या तळाशी, तिळाएवढी. आख्खा आठवडा मला छळलं ते हे, एका तिळाने.

दुसरी, मोठी कमान फिरते त्या भिंतीला, बोटभर लांब फराटा. घोडा मध्येच कुणी धरल्यासारखा वाटत होता तो इथे. कमानीचा पाय सरळ खाली-वर होत नाही, आसाभोवती गोलाईत फिरतो, आणि मी त्याला सरळ खोबण दिली होती.

तिसरी, लगामाच्या मागच्या स्क्रूच्या डोक्याचा पूर्ण गोल ठसा. बोल्ट आवळले की तळाचं लाकूड त्या डोक्याला पाटीकडे दाबायचं, लगाम टंबलरवर चेपला जायचा, आणि टंबलर दोन बाजूंनी धरला गेला की कळ जड.

पटाशीवाले, तुमच्या सांगण्याप्रमाणे तळाशी दीड मिलिमीटर, कमानीच्या भिंतीला एक, स्क्रूच्या डोक्याला एक, एवढं लाकूड काढलं. आता लगाम आणि टंबलरमध्ये ०.०५ मिलिमीटरचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) बोल्ट आवळूनही जातं. आधी आवळल्यावर जातच नव्हतं.

---

पटाशीवाला | १० जुलै, सकाळी ७:०५

काजळीची युक्ती मी बिजागऱ्यांना वापरून बघणार. आम्ही पेन्सिल घासतो, ती एवढी साफ उमटत नाही.

कोऱ्या जागेला लाख लावायची घाई करू नका. चार दिवस ठोकळा पंख्याखाली ठेवा, ओलावा जरा उतरू द्या, मग लावा.

---

मोजमाप | १० जुलै, दुपारी ३:१०

अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रांचं गतिशास्त्र शिकवतो. घोडा जड पडतो असं काका म्हणाले, त्यातला काही भाग घासण्याचा होता, पण सगळा नव्हे. दुप्पट मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावं.

सगळी मापं दुप्पट केली की घोड्याचं वस्तुमान आठपट होतं. पट्टीच्या कमानीचा ताठरपणा मात्र फक्त दुप्पट होतो, कारण तो रुंदीच्या पटीने आणि जाडीच्या घनाने वाढतो, लांबीच्या घनाने घटतो. म्हणजे दुप्पट ताठर कमान आठपट वजन ओढते. त्यामुळे घोडा पडायला मूळ कळीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. तो डोळ्याला संथ वाटणारच.

पण त्याला अंतरही दुप्पट कापायचं असतं. वेळ दुप्पट, अंतर दुप्पट, म्हणजे दगडाच्या टोकाचा वेग तेवढाच! ठिणगी वेगाने आणि घासण्याच्या जोराने पडते. म्हणून ठिणग्या कमी पडतात याचं खापर आकारावर फोडू नका. मोठी कमान बदलू नका, त्या पट्टीत ताणही मूळ कमानीइतकाच येतो. दोष पोलादात किंवा दगडात शोधा.

---

कानस_सातपूर | १० जुलै, संध्याकाळी ६:३३

सर, तुम्ही माझी मोठी चूक वाचवलीत. आणखी जाड कमान कापायला पट्टी आणून ठेवली होती.

---

दुर्गवेडा_दिंडोरी | १० जुलै, रात्री ८:५५

काका, काम बघून आनंद झाला. प्रदर्शनाच्या पाटीवर काय लिहिणार आहात? कारण रामशेजच्या गोष्टीशेजारी चकमकीची कळ ठेवली तर गल्लत होईल.

रामशेजला मुघलांचा वेढा १६८२ ला पडला आणि गड पाच वर्षांहून जास्त झुंजला. त्या काळी आपल्याकडे चालत होती ती तोड्याची बंदूक. सुताचा जळता तोडा घोड्यात अडकवायचा, चाप ओढला की तोडा कानातल्या रंजकीवर टेकायचा. तिथे ना गारगोटी, ना पोलादाचं पातं. युरोपातल्या फौजांतही चकमक सर्रास झाली ती १७०० च्या सुमारास, आणि आपल्याकडे ती कंपन्यांच्या आणि कवायती पलटणींच्या हातातून आली.

चकमकीची खरी जागा नाशिक जिल्ह्यात शोधायची तर मालेगावचा भुईकोट. नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला. १८१८ च्या उन्हाळ्यात कंपनीच्या फौजेने त्याला वेढा घातला, आतल्या अरबांनी कडवी झुंज दिली, जूनमध्ये किल्ला पडला. कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर होती ती हीच कळ. म्हणून माझं म्हणणं, रामशेजशेजारी तोडा आणि मालेगावशेजारी चकमक ठेवा. एकशे छत्तीस वर्षांतला फरक पोरांना एका नजरेत दिसेल.

---

कानस_सातपूर | १० जुलै, रात्री ९:३०

दादा, बरं झालं आधी सांगितलंत. पाटीवर रामशेजच लिहिलं होतं. बदलतो. आणि तोड्याची कळ तर अगदीच सोपी दिसते, एक दांडा आणि एक खिळा. शनिवार-रविवारात तीही करतो.

---

लँकेस्टरकर | १० जुलै, रात्री ११:४४

आता खाचेचं. काका, तुम्ही अर्धा मिलिमीटर काढलाय. तिथे वेल्डिंग भरून परत घडवायच्या भानगडीत पडू नका. नवा टंबलर करा. तुमच्या हाताला तो दोन दिवसांचा आहे. अर्ध्या घोड्याच्या खाचेला वरून ओठ ठेवा, म्हणजे नाक आत गेल्यावर चाप कितीही ओढला तरी ते बाहेर येता कामा नये. याच खाचेच्या भरवशावर माणूस भरलेली बंदूक खांद्यावर टाकून चालायचा. पूर्ण घोड्याची खाच मात्र साधी, उथळ आणि आरशासारखी घासलेली.

माझ्या बाबतीत आणखी एक झालं होतं. माझ्या रायफलीला दोन चाप होते, मागचा आवळून ठेवायचा आणि पुढचा नुसत्या स्पर्शाने सुटायचा. तसा चाप खिटीला फक्त एक टिचकी मारतो आणि सोडून देतो. मग घोडा पडत असताना खिटीचं नाक लगेच वर येतं आणि वाटेतल्या अर्ध्या घोड्याच्या खाचेत आपटतं. माझ्या खिटीचं नाक असंच तुटलं. त्यासाठी टंबलरमध्ये एक डोलती चकती लागते, जी पडताना ती खाच झाकून टाकते. माझ्या कळीत ती नव्हती, आणि किट विकणाऱ्याने तसं कुठे लिहिलंही नव्हतं. तुमचा चाप साधा आहे, बोट दाबून राहतं, म्हणून तुम्हाला ती लागणार नाही. तरी मुलांना चाप पूर्ण ओढायला सांगा, अर्धवट नाही.

---

कानस_सातपूर | १५ जुलै, रात्री ८:२०

नवा टंबलर झाला. या वेळी ईएन-३१ घेतलं. तेलात विझवून, मग उतरवून, म्हणजे हलकं तापवून कडकपणा थोडा कमी करत, रंग निळ्याच्या अलीकडे आणलं. खिटीच्या नाकालाही तसंच. लाखेचे दोन हात सुकले. चाप परत बसवल्यावर पुन्हा किंचित टेकत होता. या वेळी काजळी चापाच्या पात्याच्या माथ्यावर लावली, डाग दिसला, माथ्याचे ०.८ मिलिमीटर काढले. आता चापाला ओढायच्या आधी थोडी मोकळी खेळ आहे. अर्ध्या घोड्यावर शंभर वेळा चढवला, शंभर वेळा थांबला. मोजून.

आता ठिणग्या. पातंही ईएन-८ चंच आहे. पाण्यात विझवलं होतं. नवी कानस फिरवली तर चावते, घसरत नाही.

---

मोजमाप | १५ जुलै, रात्री ९:१२

तिथेच आहे. ठिणगी म्हणजे दगड जळत नाही. दगडाची धार पोलादाचा बारीक कीस खरवडते आणि तो तापलेला ताजा कीस हवेत पेट घेतो. त्यासाठी पोलाद एवढं कडक हवं की कीस सूक्ष्मच निघावा. ईएन-८ मध्ये कार्बन साधारण ०.४ टक्के, तेवढ्यात हवा तसा कडकपणा येत नाही. ईएन-३१ कडक होतं, पण त्यात क्रोमियम आहे, ठिणगी तितकी मोकळी पडत नाही. साधं, भरपूर कार्बनचं पोलाद घ्या.

---

लँकेस्टरकर | १५ जुलै, रात्री ११:२०

आख्खं पातं नव्याने करायची गरज नाही. झिजलेल्या पात्याला नवा तळवा लावायची जुनी रीत आहे, चपलेला लावतात तसा. जुन्या चांगल्या कानशीचा तुकडा घ्या, राखेत हळूहळू निववून मऊ करा, दात घासून टाका, पात्याच्या वळणाला जुळवून घ्या. मग चुंबक चिकटेनासा होईपर्यंत लाल करा, त्याहून थोडा जास्त, आणि तेलात विझवा. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर. शेवटी साध्या कथील-शिशाच्या (६०-४०) डाकाने पात्यावर चिकटवा. डाक १९० च्या आत वितळतो, कडकपणा उतरत नाही.

---

सिन्नरची_ताई | १६ जुलै, सकाळी ६:५०

काका, दगड कोणता वापरताय? कालपर्यंतचं सगळं वाचलं आणि एकानेही दगडाबद्दल विचारलं नाही.

---

कानस_सातपूर | १६ जुलै, सकाळी ७:४०

ताई, पांडवलेण्याच्या पायथ्याशी सापडलेली पांढरी गार. फोडून धार काढली. दोन-तीनदा आपटली की चुरा होते.

---

सिन्नरची_ताई | १६ जुलै, सकाळी ८:१५

तेच वाटलं होतं. मी भूगोल शिकवते, आणि सिन्नरच्या दगडांवर जीव आहे माझा.

आपला सगळा प्रदेश सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. थर निवताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्याने त्यांत खनिजं भरली. म्हणून काळा दगड फोडला की आत पांढरं, हिरवं, गुलाबी सापडतं. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात ते सगळं मांडलेलं आहे, नातीला घेऊन या. पण चमकतं ते सगळं चकमकीला चालत नाही. स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट दिसायला देखणे, पण मऊ, पोलादच त्यांना खाईल. स्फटिकाचे दाणे असलेली गार कडक, पण दाण्या-दाण्यांतून तुटते, म्हणून तुमचा चुरा होतो.

तुम्हाला हवा कॅल्सेडनी किंवा अकीक. कडकपणा स्फटिकाच्या जवळपास, पण दाणे इतके सूक्ष्म की दगड काचेसारखा शंखाच्या आकारात फुटतो आणि वस्तऱ्यासारखी धार येते. मेणासारखा धुरकट, उजेडात धरला तर कडेने किंचित पारदर्शक. तडा नसलेला घ्या. माझ्याकडे विहिरीच्या खोदकामातून आलेले बरेच आहेत. एसटीने नाशिकच्या द्वारका चौकात पाठवते.

---

कानस_सातपूर | १९ जुलै, रात्री १०:३०

ताईंचे तीन दगड मिळाले. आधी नुसता तळवा बदलून पांढऱ्या गारेवर बघितलं, म्हणजे कोणत्या दुरुस्तीने काय झालं ते कळावं. ठिणग्या आठ-दहा, पिवळ्या. मग ताईंचा धुरकट दगड लावला. जबड्यात आधी जुन्या चपलेचं चामडं घडी करून घातलं, नाहीतर दगड लोखंडात नीट धरला जात नाही आणि धक्क्याने तडकतो. लँकेस्टरकरांनी फोनवर सांगितलं तशी धार पात्याला समांतर केली, आणि अर्ध्या घोड्यावर धार पात्याला जवळजवळ लागेल पण लागणार नाही, इतकी पुढे घेतली. आधी दगड पात्याच्या मध्यावर लागत होता, म्हणून खरवडायला लांबीच मिळत नव्हती. आता वरच्या तिसऱ्या भागात लागतो आणि खालपर्यंत घासत जातो.

खोलीतला दिवा मालवला. नात दाराशी उभी होती. चाप ओढला आणि कानात पांढऱ्या ठिणग्यांचा झुबका पडला, तळाशी क्षणभर नाचला आणि विझला. नात म्हणाली, "आजोबा, परत." पंचवीस वेळा परत केलं. दगडाची धार अजून आहे. तळव्यावर बारीक उभ्या रेघा उमटल्यात, समांतर, वरपासून खालपर्यंत.

---

दुर्गवेडा_दिंडोरी | १९ जुलै, रात्री १०:४१

व्हिडिओ टाका हो काका!

---

मोजमाप | १९ जुलै, रात्री ११:०५

अभिनंदन. एक विनंती. कीस आणि दगडाच्या कपच्या दोन्ही डोळ्यांच्या उंचीला उडतात. टेबलावर ठेवलं की पाचवीतल्या मुलाचा चेहरा बरोबर पात्यासमोर येतो.

---

कानस_सातपूर | २० जुलै, सकाळी ९:१५

सर, रात्री तोच विचार करत होतो. पात्याच्या बाजूने आणि वरून ५ मिलिमीटरच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं झाकण करतोय, फक्त घोडा चढवायला आणि चापाला हात जाईल एवढी मागची बाजू उघडी. शिवाय जो चाप ओढेल त्याला चष्मा. शाळेकडून पत्र मिळालं, ते आणि फोटो काल आयुक्तालयात देऊन पोच घेतली, झेरॉक्स ठोकळ्याच्या मागेच चिकटवतोय.

पटाशीवाले, झाकण बसवायला ठोकळ्याला चार स्क्रू मारायचेत, सगळे लाकडाच्या रेषांच्या कापलेल्या टोकाला येतात. शिसव तडकेल का? भोक किती मोठं घेऊ?

---

पटाशीवाला | २० जुलै, सकाळी ९:५२

टोकाला स्क्रू नकोच. धरत नाही आणि तडकतो. ठोकळा घेऊन दुपारी पंचवटीत या, बाजूने दोन पट्ट्या लावून देतो, त्यांना स्क्रू मारू. कळ काढून आणा. आणि जमलं तर ती काजळीची वाटी पण घेऊन या.